साळवींचं दार आणि तांब्याभर पाणी

"हा अल्झायमर आहे," ठाण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदू हळूहळू झिजवणारा, विसरायला लावणारा आजार. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या चाळीत हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. मी मात्र तेव्हा आजाराचा नाही, शेजारच्या साळवींचा विचार करत बसलेलो.

झालेलं असं. डॉक्टरांनी सुधाला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, "मिस्टरांचं नाव काय?" हिने मान खाली घातली. "शेजारी कोण राहतं?" "साळवी भाऊजी!" आणि वर हसू. जन्मभर संसार केला मी, मार्क साळवींना!

साळवी म्हणजे वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले विधुर. आमचा संडास गॅलरीच्या टोकाला, वाटेत त्यांचं दार. ही उठली की तिथे थांबायची. ते आल्याचा चहा द्यायचे. मी केलेला चहा मोरीत जायचा.

मग मी डोकं चालवलं. पाणी कमी, तर संडासाच्या फेऱ्या कमी. फेऱ्या कमी, तर साळवी कमी! हिच्या उशाशी असलेला पाण्याचा तांब्या उचलून उंच फळीवर ठेवला. स्वतःच्या हुशारीवर खूषही झालो.

आठवड्याभरात हिला ताप भरला. हवेतलं काहीतरी वेचायला लागली. मला बघून ओरडली, "चोर!" मला वाटलं, आजार पुढे सरकला. रिक्षा साळवींनीच आणली. इलाज नव्हता.

हॉस्पिटलात लघवी तपासली, रक्त तपासलं. बाकड्यावर मी आणि साळवी शेजारी शेजारी. ठाण्याचे तेच डॉक्टर आले. "युरिन इन्फेक्शन आहे. त्यातून डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम."

"पण आजार तर डोक्याचा ना?"

"डोकं काय एकटं राहतं का हो? थायरॉइड मंदावलं, किडनी थकली, हृदयाकडून रक्त कमी पोचलं, तरी मेंदूला त्रास होतो. आधीच दुबळा असेल तर तोच आधी कोलमडतो. पाणी किती पितात या?"

मी पंख्याकडे बघितलं. साळवींनी माझ्याकडे.

सलाइन आणि अँटिबायोटिक म्हणजे जंतू मारणारं औषध सुरू झालं. ताप उतरला, हवेतलं वेचणं थांबलं. मूळ आजार जाणार नव्हता, पण चोराचा मी पुन्हा माणूस झालो. डॉक्टरांनी परत तेच विचारलं, "मिस्टरांचं नाव?" हिची मान पुन्हा खाली.

साळवी हळूच म्हणाले, "वहिनी, उखाण्यात घ्या."

सुधाने डोक्यावर पदर ओढला.

"कळशीत पाणी, पाण्यात वाळा,
वसंतरावांनी लावला जन्माचा लळा."

नर्सने टाळ्या वाजवल्या. मला चष्मा पुसायला लागला. आणि खरं सांगतो, हे मला सुचलं नाही, साळवींना सुचलं, याचाही राग आलाच.

तुमच्या घरी असा पेशंट असेल आणि तो एकाएकी बिघडला, तर "आजारच तसला" म्हणून बसू नका. लघवी, रक्त, थायरॉइड आधी बघून घ्या. पाणी द्या. मत्सर आपला आपण गिळा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी ही उठली आणि साळवींच्या दाराशी थांबली. मी मागे, हातात तांब्या. साळवींनी तिच्यापुढे कप ठेवला. तिने तो उचललाच नाही. माझ्याकडे बघून त्यांना म्हणाली,

"आणि यांना?"