मुरुमचं विमान मंडळ

मुरुमला माझं सायकली भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांत आमच्या डोक्यावरून कधीमधी विमानं जायची, आणि त्या घरघरीनं आम्हा तिघांना खुळं केलं. मी, शेजारचा शिंपी आणि शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, पुढं पांगाऱ्याच्या लाकडाचा पंखा, आणि पोटात ट्यूब कापून काढलेल्या रबराच्या पट्ट्या. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचं. पहिली विमानं नाकावर पडली. मग एक खरंच उडालं, आणि उडाल्यावर आम्हाला कळलं की ते बघायला कुणीच नाही.

मास्तर म्हणाले, "मंडळ काढू. नवीन माणसं येऊ द्या."

त्यांनी दुकानाला पाटी रंगवली : 'विमान मंडळ. लहानथोर सर्वांचे स्वागत आहे.' कडेनं वेलबुट्टी काढली. शिंप्यानं पाटीला जरीची झालर लावली. येईल त्याच्या गळ्यात घालायला दर रविवारी झेंडूचा हार आणून मी पाटीखालच्या खिळ्याला अडकवून ठेवू लागलो.

आमच्या भागात लिंगायत घरं पुष्कळ. त्यांच्यात माणूस गेलं की त्याला सजवलेल्या मखरात बसवून वाजतगाजत नेतात. त्या मखराला विमानच म्हणतात. हे आम्हा तिघांनाही जन्मापासून ठाऊक होतं. पण त्या दिवसांत विमान म्हटलं की आम्हाला पंखा आणि शेपूटच दिसायचं. लोक पाटी वाचायचे, हात जोडायचे आणि रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं निघून जायचे. एकानं तर पाटीसमोर पायतण काढलं. मला वाटलं, मंडळाचा वचक बसला.

असे बरेच रविवार कोरडे गेले. मग एका रविवारी सकाळी भुसार मालाचे एक म्हातारे सावकार काठी टेकत दुकानात आले. कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर परीटघडीचं. आम्ही तिघंही उभे राहिलो.

"बरं केलं रे पोरांनो," ते म्हणाले. "गावाला याची गरज होती. मी माझं बघून ठेवावं म्हणून आलो. बसून नीट जाता येतंय न्हवं?"

"बसायचं नसतंय, सावकार," मी हातानं माप दाखवलं. "आमचं एवढंच असतंय."

त्यांनी ते हातभर माप बघितलं. चेहरा उतरला. "म्हंजी... लेकरांचं?"

"लेकरांना लई आवडतंय!" मास्तर उत्साहानं म्हणाले. "पण आमचं म्हणणं, आईबापांनीबी यावं."

सावकार सावकाश स्टुलावर बसले. "खांदा कोण देतंय?"

"खांदा कशाला? हातानं सोडायचं. पुढं ते आपलं आपण जातंय."

"आपलं आपण?"

"वारं असलं तर पार बाभळीपतोर. मग पडतंय. आमी उचलून आणतो आन् पुन्ना सोडतो."

"पुन्ना?"

शिंप्यानं लिंगायतांच्या विमानांना कापड शिवून दिलेलं होतं. आधी त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं कपाळावर हात मारला, आतून आमचं कागदाचं विमान आणून सावकारांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळा उलगडा केला. सावकार बराच वेळ पंखा बोटानं फिरवत बसले. मग म्हणाले, "घोटाळा झाला की रे. म्या घरी सांगून आलोय, माझ्या विमानाचं बघून येतो म्हणून."

तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा धापा टाकत दारात आला. केस पिकलेला माणूस, पण डोळे रडून लाल. "अप्पा, असं काय मनावर घेतलंत? सून काही बोलली का?"

"गप बस," सावकार म्हणाले. "आलोच हाय तर उडवून बघतो."

हे ऐकताच मास्तरांना आपलं कर्तव्य आठवलं. त्यांनी खिळ्यावरचा हार काढून सावकारांच्या गळ्यात घातला. मुलानं हंबरडा फोडला.

आम्ही माळाकडं निघालो. पुढं विमान घेऊन मी, मागं हार घातलेले सावकार, त्यांना धरून रडणारा मुलगा. बाजारपेठेतून जाताना दुकानदार फळ्या लावून मागं येऊ लागले. कुणी कुणाला विचारीना. मधेच कुठूनशी हलगीही वाजायला लागली. सावकार वळून वळून लोकांना "बर्री, बर्री" म्हणून कानडीत बोलवत होते, त्यानं तर बाया जास्तच रडू लागल्या.

माळावर पोचलो तोवर निम्मं गाव मागं होतं. निजामाच्या राज्यात परवान्याशिवाय सभा भरवायची सोय नव्हती. गर्दी बघून ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, घोड्यावरून आले.

"इत्ते लोगां कैकू जमे? इजाजत लिये क्या?"

शिंप्याची बोबडी वळली. "मय्यत है, साब."

"किसकी?"

सावकारांनी गळ्यातला हार सारखा केला. "मेरी."

अमीनांनी त्यांच्याकडं बघितलं, रडणाऱ्या मुलाकडं बघितलं, माझ्या हातातल्या कागदाच्या विमानाकडं बघितलं. मग घोड्यावरून उतरले, मान खाली घालून म्हणाले, "अच्छा. चलने दो," आणि लगाम धरून बाजूला उभे राहिले.

सावकारांनी विमान सोडलं. ते फडफडत वर गेलं, बाभळीवरून वळलं आणि ज्वारीत उतरलं. मुलाचं रडणं थांबलं.

गर्दीतून एकानं भीतभीत विचारलं, "आता?"

"आता काय, पुन्ना," सावकार म्हणाले, आणि स्वतःच ज्वारीत शिरले.

त्या दिवसापासून मंडळात माणसं मावेनात. एक विमान आणि पीळ द्यायला चाळीस हात, त्यामुळं भांडणंच जास्त. नवीन माणसाला समजावून सांगायचं काम सावकारांनी आपणहून घेतलं. त्यांचा थोरला वडलांवर लक्ष ठेवायला म्हणून यायचा. पुढं त्यानंही एक विमान केलं. त्याचं शेपूट इतकं जड होतं की ते सोडलं की माघारी त्याच्याच अंगावर यायचं. तो रविवारमागून रविवार ते चुकवत राहिला, पण शेपूट कापू म्हटलं तर ऐकायचा नाही.