उलट्या तोंडाची सातवी लाट

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असेल कसा? आमच्या गल्लीतली निम्मी भुतं मीच उभी केलेली! त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही "मास्तरांनी पुन्हा थाप मारली" म्हणणार, हे धरूनच लिहितोय.

मी सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात नक्षीची कार्डं तयार करतो. पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ती क्रमाने एकमेकांना शिवायची आणि माळ मागावर चढवायची. भोकं सांगतील तशी नक्षी उतरते. गेल्या जूनमध्ये एका मंगळवारी तीस वर्षांत न झालेली चूक माझ्या हातून झाली. लाटांच्या नक्षीतला कार्डांचा एक गठ्ठा उलटा शिवला गेला. सहा लाटा झोकात... आणि सातवी मधेच तुटून उलट्या तोंडाची!

"मास्तर, डोळे कुटं ठिवलेत?" मालक ओरडले. "ही चादर तुमीच पांघरा आता!"

पांघरली की!

त्याच आठवड्यात शुक्रवारी भाचीचा, सुनीताचा, व्हिडिओ कॉल आला. ती अंटार्क्टिकाच्या संशोधन केंद्रात असते. तिकडे तेव्हा भरदुपारीही अंधार. वारा बर्फाच्या डोंगरांवर आदळला की हवेत लाटा उठतात आणि पार वर जातात... ग्रॅव्हिटी वेव्ह्ज. वरच्या हवेच्या स्वतःच्या अंधुक उजेडात त्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि हिचा कॅमेरा त्यांचे फोटो काढतो. त्या दिवशी पोरगी रडकुंडीला आलेली.

"मामा, रविवारच्या फोटोत गडबड आहे. सर म्हणतात, कॅमेराच बिघडलाय. तसं असेल तर अख्ख्या हिवाळ्याचं काम कचऱ्यात."

तिने फोटो पाठवला. सहा लाटा झोकात. सातवी तुटून उलट्या तोंडाची.

मी गुपचूप चादरीचा फोटो पाठवला. तिने तो उघडला. मग —

"इथे माझी वाट लागलीय आणि तू फोटो एडिट करत बसलायस?"

"अगं, तुझ्या आईची शपथ!"

"ती तू एप्रिल फूललाही घेतली होतीस, मामा."

घ्या! म्हटलं, "चादर राहू दे. आमच्याकडे दोष मागाच्या फणीत, धागे ओवतात तिथे, असला तर कापड सरकलं तरी तो एकाच जागी रेघ ओढतो. कार्डातला दोष नक्षीबरोबर पुढे जातो. पुढचे-मागचे फोटो बघ. तुझा दोष बसलाय की चालतोय?"

वीस मिनिटांनी फोन.

"चालतोय, मामा... लाटेबरोबर चालतोय!"

म्हणजे कॅमेरा ठणठणीत. लाटच वर तुटलेली. सरांनी मानलं, काम वाचलं. मग तिने दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून पाहिले आणि आवाज एकदम खाली आला.

"दोरा न् दोरा जुळतोय. खरं सांग, माझा फोटो तुला आधी कुणी दाखवला?"

कोण दाखवणार? शुक्रवारपर्यंत तो केंद्राबाहेर गेलाच नव्हता. पण फोटो रविवारचा आणि चूक त्यानंतर दोन दिवसांनी, मंगळवारची! मालकांना वाटतं, मी मुद्दाम केलं. भाचीला वाटतं, मी काहीतरी लपवतोय. आणि मला? मला माझ्याच हातांचा संशय येतो.

उत्तर आजही नाही. मालक म्हणतात, गठ्ठा सोडवा, सरळ शिवा. दोनदा कात्री घेऊन बसलो... पण इकडे कार्डं सरळ केली आणि तिकडे पोरीच्या फोटोतली लाट सरळ झाली तर?

हसा, हसा. कार्डं अजून खुंटीवरच आहेत. उलटी.