कोरडी चादर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

सोलापुरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायचं, हे माझं काम. हात चलाख, जीभ गोड. आणि माझी एक ख्याती आहे — माझ्या पेशंटची चादर कधी ओली नसते. घरच्यांना त्याचं केवढं कौतुक. ती कोरडी कशी राहते, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

मंद्रूपच्या एक आजी होत्या. सगळा जन्म शेरडांमागं गेलेला. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मुलानं शहरात आणलेल्या. अंगानं थोराड. त्यांना कुशीवर वळवून चादर बदलायची म्हणजे माझी कंबर मोडायची. मला राग यायचा — आणि खरं सांगू? किळससुद्धा. मग मी सोपा उपाय काढला. पाणी तोडलं. भर मे महिन्यात. सकाळी गोळीपुरता घोट, संध्याकाळी मुलगा यायच्या आधी अर्धा पेला. मुलानं ठेवलेल्या नोंदवहीत मात्र रोज आठ पेले लिहायचे. माझं अक्षर छान आहे.

"बाय, घोटभर पानी दे की," आजी म्हणायच्या. मी टीव्हीचा आवाज वाढवायची.

एकदा त्यांनी मुलाला सांगितलंच, "ही मला पानी देत न्हाय." मी हसले. म्हटलं, आत्ताच प्यायल्या, विसरतात हो. त्यानं वही पाहिली, मान डोलावली. तडकलेले ओठ त्यालाही दिसत होते — पण वय झालं म्हटलं की सगळं खपतं, नाही का? पुढं लघवीला आग, ताप, बरळणं सुरू झालं, तेव्हा डॉक्टरही वयच म्हणाले. पाणी पितात ना, एवढं विचारलं त्यांनी. मी वही पुढं केली.

आजी दवाखान्यातून परत आल्यावर एक दिवस, सुट्टी म्हणून घरी असलेल्या सुनेनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला. आजींनी तो ओठांपर्यंत नेला, आणि थांबल्या. माझ्याकडं पाहिलं — पिऊ का? मी किंचित मान हलवली. नको.

"नगं," त्या सुनेला म्हणाल्या, "मग चादर वली व्हते."

किती समजूतदार झाल्यात, असं म्हणून सून तांब्या घेऊन आत गेली.

आजी महिन्याभरात गेल्या. त्यानंतर मी आणखी तीन घरं केली. चादर कुठंच ओली झाली नाही.