राहू द्या म्हटलेलं घड्याळ

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत सांडूअण्णांचं घर कुणाला विचारावं लागत नाही. सकाळी सहाच्या सुमारास तिथून गेलं की एका खिडकीतून बारीक किरकिर ऐकू येते, तेच त्यांचं घर. चिकलठाण्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि आता आंघोळ-पूजा आटोपली की पाटावर बसून एकेचाळीस घड्याळांना चावी देतात. सगळी जुनी, चावीचीच. सेलवरचं एकही नाही.

सुलेखाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, हसून म्हणायच्या, "माझ्या देव्हाऱ्यात देव अकरा, यांच्या डब्यात एकेचाळीस. प्रसाद मात्र माझ्याच देवांचा लागतो."

अण्णांच्या आईची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथ्याचं नाव सांडू ठेवलेलं. हे सांडलेलंच आहे देवा, याच्यावर तुझी नजर नको, असं. नाव उपयोगी पडलं, पोर जगलं.

दर रविवारी क्रांती चौकातल्या एका चहाच्या टपरीवर घड्याळांच्या नादाची पाच-सहा माणसं जमतात. मिळालेल्या घड्याळांचं तिथं फारसं कौतुक नसतं, गप्पा चालतात त्या सुटलेल्यांच्या. कधीकाळी हातात धरलं, उलटंपालटं केलं आणि घेतलं नाही, ते सुटलेलं. निवृत्त मास्तर आप्पासाहेबांचं एक जालन्याच्या बाजारात सुटलं होतं. एस.टी.नं हॉर्न दिला म्हणून ते तसंच टाकून पळाले.

"सव्वीस वर्षं झाली," आप्पासाहेब म्हणायचे. "बायको रुसून माहेरी गेली तवा एवढं वाईट वाटलं नव्हतं."

"मग जायचं नाय त्या एस.टी.नं! दुसरी आली असती की," सांडूअण्णा खदखदून हसायचे. "माझं एक पण सुटलं नाय बघा. दिसलं की घेतलं."

ते खरं होतं, पण अर्धंच. दिसलं की घेत ते एका वेगळ्याच कारणानं, आणि ते त्यांनी टपरीवर कधी सांगितलं नाही.

त्यांचे वडील, बापू, रेल्वेच्या फाटकावर होते. बापूंच्या मनगटावर एक घड्याळ असायचं, पांढऱ्या तबकडीवर देवनागरी आकडे, चारच्या आकड्यावर काचेला तडा. गाडीच्या आधी फाटक पाडायचं म्हणून बापू त्या घड्याळाला देवासारखं जपायचे. सांडू एकवीस वर्षांचा झाला आणि बाजारात बटण दाबलं की उजेड पडणारी घड्याळं आली. जुनं द्या, नवं घ्या, अशी पाटी होती एका दुकानावर. बापू आजारी म्हणून घरीच होते. सांडूनं खुंटीवरचं त्यांचं घड्याळ न विचारता नेलं आणि उजेडाचं घेऊन आला. बापू रागावले नाहीत. कामावर परत गेल्यावर रेल्वेच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर भागवायला लागले, आणि घरी असले की अंगणात येऊन विचारायचे, "सांडू, किती वाजले रे?" एवढंच. सात वर्षांनी ते वारले. उजेडाचं घड्याळ त्याच्याही आधी बंद पडलं होतं.

बापूंचं घड्याळ देऊन टाकल्यापासून, चाळीस वर्षं, सांडूअण्णा प्रत्येक जुन्या घड्याळात एकच घड्याळ शोधत होते.

यंदा पितृपक्षात बापूंची अष्टमी शुक्रवारी आली. आदल्या दिवशी अण्णा काळे तीळ आणि दर्भ आणायला गुलमंडीत गेले आणि सवयीनं इब्राहीमभाईंच्या घड्याळाच्या दुकानाशी थांबले. दुकान म्हणजे दोन कापडवाल्यांच्या मधे एक माणूस जेमतेम बसेल एवढी जागा. इब्राहीमभाईंचे वडीलही तिथंच बसायचे.

"आओ सांडूभाई, कलच एक लाट आई, सब बंद माल है," इब्राहीमभाईंनी घाऊक आलेल्या जुन्या घड्याळांचा ट्रे पुढं सरकवला.

बारा-पंधरा घड्याळं होती. त्यात एक देवनागरी आकड्यांचं. काच नवी, पट्टा नाही, तबकडी पिवळी पडलेली. तसली तीन अण्णांकडे होतीच. तरी त्यांनी ते उचललं, चिमटीनं चावी दिली. एक वेढा, दुसरा, आणि तिसऱ्याला चावी किंचित अडखळून पुढं गेली. बोटाला काहीतरी जाणवलं. पण हातातल्या पिशवीत तीळ होते, डोक्यात उद्याचा स्वयंपाक, भटजी, केळीची पानं.

"लेके जाव," इब्राहीमभाई म्हणाले.

"पितर चालूयत भाई. नवी वस्तू घरात नेत नाय आमच्यात. सुलेखा दारातूनच परत पाठवीन."

"अरे, नयी कां की? तुम्हारे से भी पुरानी होएंगी."

"आमच्या घरात नवीच की!" अण्णा हसले आणि घड्याळ ट्रेमध्ये ठेवत म्हणाले, "आत्ता राहू द्या."

शुक्रवारी श्राद्ध झालं. भटजी जेवून गेले. अण्णांनी बापूंच्या नावाचं पान गच्चीवर ठेवलं, पाणी फिरवलं, आणि तीळ सोडताना अंगठा नि तर्जनी एकमेकांवर घासली गेली. एक, दोन, तीन. तिथंच हात थांबला. लहानपणी बापूंच्या मांडीवर बसून ते घड्याळाला चावी द्यायचे, तेव्हा तिसऱ्या वेढ्याला अशीच अडखळायची. चाळीस वर्षांत इतक्या चाव्या फिरवल्या, अशी एकही अडखळली नव्हती.

ते जिना उतरून आले ते हसत, रडत. "सुलेखा, बापूंचं घड्याळ सापडलं! इब्राहीमभाईकडं हाय! चावी ओळखली मी."

सुलेखाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "अहो, मग आणलं का नाही?"

"पितृपक्ष ना. पण मी सांगून आलोय, राहू द्या म्हणून. अमावस्या झाली की आणतो."

सुलेखाबाई मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या म्हणालात, का ठेवा म्हणालात?"

"म्हंजे?"

"भाजीवाल्याला मी राहू द्या म्हणते तेव्हा तो पाटी उचलून पुढं जातो हो."

अण्णांनी इब्राहीमभाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला, जुम्म्याची नमाज. स्कूटर काढली. पोहोचले तेव्हा इब्राहीमभाई नुकतं शटर वर करत होते.

"वो? वो तो सुबू पूरी लाट गयी. तुम्हारे मुकुंदवाडी का सोमनाथ ले गया, पार्ट के वास्ते."

"मी सांगितलं होतं ना राहू द्या म्हणून!"

"हौ, बोले ना. मैं समझा, नक्को है." इब्राहीमभाईंचा चेहरा उतरला. "ठेवा बोलते तो मैं बादशहा को बी नै देता, सांडूभाई."

त्यांच्यावर रागावायलाही जागा नव्हती.

सोमनाथचं घड्याळदुरुस्तीचं दुकान अण्णांच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर. म्हणजे घड्याळ आपणहून घराजवळ आलं होतं आणि अण्णा वर गच्चीत तीळ सोडत होते. सोमनाथनं डोळ्यावरची भिंगाची टोपी सरकवली.

"ते पिवळ्या तबकडीचं? सकाळीच खोललं अण्णा. बॅलन्स, ते आतलं हलतं चाक, चांगला निघाला, एका गिऱ्हाईकाच्या घड्याळात बसवला. त्याला पुण्याची गाडी धरायची होती, गेला."

"कोण होता? नाव, फोन?"

"चालता-फिरता माणूस. काय माहीत."

"आन् बाकीचं?"

सोमनाथनं श्रीखंडाचा एक डबा पुढं केला. आत शंभर घड्याळांची चाकं, स्प्रिंगा, काटे एकात एक मिसळलेले. अण्णांनी तो गुडघ्यावर घेतला आणि एकेक चाक चिमटीत धरून बघू लागले. फिटर माणूस, सूतभर फरक हाताला कळायचा. पण चाकावर कुणाचं नाव नसतं. पाऊण तासानं सोमनाथनंच त्यांच्या हातून डबा काढून घेतला.

"अण्णा, नका. हे घ्या, ह्याचं मागचं झाकण. आतून उर्दूत कायतरी कोरलंय म्हणून बाजूला ठेवलं होतं."

त्या रात्री अण्णांनी झाकण देव्हाऱ्यात ठेवलं. चाळीस वर्षं देवापुढं एकच मागणं होतं, ते सापडू दे. आज हात जोडले आणि तोंडून निघालं, "देवा, ते बापूंचं नसू दे. दुसऱ्या कुणाचंही असू दे." सुलेखाबाईंनी ते ऐकलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पदर तोंडाशी धरला. पितृपक्षाचा नेम घरात त्यांनीच पाळायला लावला होता. आपल्याच माणसाची वस्तू, ती कसली नवी! अण्णांनी दुकानातून एक फोन केला असता तर त्याच म्हणाल्या असत्या, घेऊन या, मी ओवाळून घेते.

सकाळी गुलमंडीत इब्राहीमभाईंनी भिंगाखाली झाकण धरलं आणि आतली अक्षरं रुमालानं पुसली.

"अब्बा का हात है," ते म्हणाले. पूर्वीचे कारागीर घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाला आतून सुईनं खूण करायचे, गिऱ्हाईक कोण, काम काय. इब्राहीमभाई बोट फिरवत वाचू लागले. "सांडू के वालिद. फाटकवाले."

सांडूचे वडील, म्हणजे बापूच. आता मागायला काही उरलं नव्हतं.

"और नीचे लिखेला है, चाबी. रहने दो."

"म्हंजे काय?"

"गिऱ्हाईक बोलताय ना, ये नुक्स, ये खोट नक्को निकालो, वैसाच रहने दो, तब अब्बा ऐसा लिखते थे. दूसरा कारीगर हात नै लगाना करके. चाबी अटकती थी क्या?"

अण्णांना आठवलं. सात वर्षांचे असताना बापूंची नजर चुकवून त्यांनी चावी पिळत पिळत नेली होती, कट्ट आवाज येईपर्यंत. मार बसेल म्हणून दिवसभर पिंपळाखाली लपले होते. संध्याकाळी बापूंनी खांद्यावर घेऊन घरी आणलं, काही बोलले नाहीत. घड्याळ दुरुस्तीला गेलं, परत आलं, चावी अडखळतच राहिली. दुरुस्ती नीट झाली नसेल, असं त्यांना आजवर वाटत होतं.

पोराचं बोट लागलेलं बापूंनी जपून ठेवलं होतं. आणि पोरानं ते उजेडाच्या घड्याळापायी देऊन टाकलं. दुसऱ्यांदा हातात आलं, तेव्हा दोन शब्दांत घालवलं.

रविवारी अण्णा टपरीवर गेले नाहीत. आप्पासाहेबांचा फोन आला, "अण्णा, नवीन काय?" अण्णा म्हणाले, "सुटलं." आप्पासाहेब हसायला लागले, आणि अण्णांनी फोन ठेवून दिला.

मंगळवारपासून त्यांनी चावी देणं बंद केलं. पूजा व्हायची, पाटावर बसायचे, घड्याळांचा डबा उघडायचे आणि बापूंच्या घड्याळाचं झाकण तळहातावर घेऊन नुसते बघत राहायचे. चावीचं घड्याळ दीड दिवस चालतं फार तर. मंगळवारी संध्याकाळी एकेक थांबू लागलं. बुधवारी सकाळी सुलेखाबाई देवाला फुलं वाहत होत्या आणि त्यांना एकाएकी कळलं की घरात आवाजच नाही. लग्न होऊन आल्यापासून अशी सकाळ त्यांनी ऐकली नव्हती.

त्या उठल्या. आजवर त्यांनी त्या डब्याला हात लावला नव्हता. पदराला हात पुसून त्यांनी त्यातलं एक घड्याळ उचललं, चावी चिमटीत धरली.

"अहो, मी देऊ का चावी?"

अण्णांनी मान वर केली नाही.

"राहू दे," ते म्हणाले.

घड्याळ चालू राहू दे, की चावी देऊच नको, हे सुलेखाबाईंना कळेना. घड्याळ तसंच हातात धरून त्या उभ्या राहिल्या.