जिवंतपणी बसायला आलेली माणसं

मला तपासून वाशिमच्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, "याला नैराश्य आहे. घरात आधी कोणाला ते होतं, हे आता बदलता येत नाही. पण एकटेपणानं आजार वाढतो. याला माणसांत ठेवा."

आईनं हे गावात घरोघर सांगितलं. आता आमच्या गावात दुःखी माणसाजवळ बसायची एकच रीत आहे, मयतीच्या घरची. दुसऱ्या दिवशी सकाळीच ओसरीवर सतरंजी पडली. पांढऱ्या टोप्या, खाली माना. अशा घरी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजारणीनं पिठलं-भाकरी झाकून आणली. मला असा संताप आला होता, पण ओरडायचंही बळ नव्हतं.

दुपारी मंगरूळपीरचे मामा सहज म्हणून आले. दारातून ती बैठक पाहिली आणि पिशवी टाकून त्यांनी हंबरडाच फोडला. मला मिठी मारून पोटभर रडले. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण गेलं कोण?"

"कोणीच नाई," आई म्हणाली. "याचं मन लागून नाई राह्यलं, म्हणून बसले सारे."

मामा भडकले. "मंग मी एवढा रडलो कायले?"

"माह्यासाठी, मामा," मी म्हणालो, आणि कित्येक महिन्यांत न आलेलं रडू मला तिथं, सगळ्यांसमोर आलं.

मामांनी मला जरा सरकवलं, सतरंजीवर मांडी घातली आणि म्हणाले, "रड. मले घाई नाई."