ओटीतले तांदूळ

मुंबईला क्रूझ लागली की मी परदेशी पाहुण्यांना मावळातली वायनरी दाखवायला नेते. गाडी कायम कामशेतच्या भाऊंची. ते स्वतः थेंबालाही शिवत नाहीत, पण पाहुण्यांच्या बाटल्या तान्ह्या बाळासारख्या टॉवेलात गुंडाळतात. मी घड्याळ बघितलं की त्यांचं ठरलेलं, "बोट न्हाई चुकत, ताई."

परवा एका गोऱ्या आजींना परत नेताना भाऊंनी गाडी स्वतःच्या दारात थांबवली. "पाव्हनी नुसती दारू घिऊन जाईल व्हय? ओटी भरू."

त्यांची बायको सुपात तांदूळ घेऊन ओसरीवर आली. मी पुटपुटले, "भाऊ, आजींचे मिस्टर वारलेत." ती थबकली.

भाऊंनी सूप घेतलं आणि कोपऱ्यातल्या आपल्या विधवा आईच्या हातात दिलं. "आई, मंग तूच भर."

आजींनी स्कार्फ पसरला. आईंनी पदर सावरला आणि कितीतरी वर्षांनी कुणाची तरी ओटी भरली.