वाचवलेले दोन बाइट

नखाएवढ्या चिपसाठी मी माझी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होतो. कामांना पाळीपाळीने उठवायचं, झोपवायचं, वेळ मोजायची, बस्स. त्यात एकेक बाइट वाचवायचं मला वेडच लागलं होतं. सेकंद मोजायला चार बाइट लागत, ते मी दोनवर आणले आणि दिवसभर स्वतःवरच खूश होतो. दोन बाइटांत जेमतेम अठरा तास मावतात, मग मोजणी पुन्हा शून्यावर येते, हे ठाऊक होतं. पुढचं पुढे बघू म्हटलं.

ती चिप पहिल्यांदा लागली आमच्या शहराबाहेरच्या भैरवगढला, कापडावर ठसे छापणाऱ्या एका छपाईवाल्याच्या कारखान्यात. त्याने गूळ-चुना घालून निळीचं एक पिंप आंबवलं होतं. गार पडलं किंवा फार तापलं की त्यातले जिवाणू मरतात, म्हणून तो ते लेकरासारखं जपत होता. थंडीत ते कोमट राहावं म्हणून दर तासाला वीस मिनिटं हीटर लावायचा, एवढंच माझ्या यंत्राचं काम. हीटर सतत चालू ठेवायचा असेल तर एक वेगळं बटन होतं. तिकडे दिवसातून दोन-तीनदा तरी लाईट जायची, आणि लाईट गेली की मोजणी पहिल्यापासून सुरू. त्यामुळे सगळं झकास चाललं होतं.

मग त्यांच्या गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला आणि लाईट जायची थांबली.

दोन दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. "भाईसाहब, नील उबल गई. मर गई पूरी. वो लगातार वाला बटन मुझसे ही दबा रह गया होगा. बंद करके चालू की, तो आपकी मशीन एकदम बराबर चल रही है."

लाईट न जाता अठरा तास उलटले होते. मोजणी शून्यावर आली तेव्हा हीटर चालू होता. आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली तर उत्तर उणे. उणे आकडा वीस मिनिटं कधी ओलांडणार? हीटर पेटलेलाच राहिला. हे सगळं मला फोनवरच कळलं, आणि मी म्हणालो, "देखता हूँ."

लाज वाटते सांगायला, पण पुढचे दोन दिवस मी गप्प बसलो. बसलो कसला, घरभर येरझारा घालत होतो. शेवटी बायको वैतागली. "अहो, एका जागी बसा ना! दिमाग खराब झाला माझा. जे काय आहे ते सांगून या त्यांना."

स्कूटर काढली. तो मेलेली नील बादलीने उपसत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: बटन नाही, मोजणी चुकली; तुमची नाही, माझी चूक; दोन बाइट जागा वाचवायला गेलो.

तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने बादली खाली ठेवली आणि खरंच न कळून विचारलं, "वो जगह किसके लिए बचा रहे थे?"

"किसी के लिए नहीं," मी म्हणालो. चिपमधली अर्धी मेमरी अजून रिकामीच होती.